सतरावी नळी

खैरबोडीच्या पाळीवर बसून
मी बाबांना सांगते आहे
पृथ्वीच्या खालच्या टोकाच्या चिखलाबद्दल.
ते जाळ्याची गाठ सोडवताहेत, दातांनी.

पाचशे मीटर पाणी, वर बर्फाचं झाकण,
तळाशी उणे दीडच्या आसपास.
खारं आहे म्हणून गोठत नाही.
बाबा मान हलवतात. खारं त्यांना पटतं.

आम्ही नळी रोवली, चिखल वर काढला,
पेराएवढ्या चकत्या कापल्या
आणि गुलाबी रंगात बुडवल्या.
धरलं तेव्हा जे जिवंत होतं, तेच रंग घेतं.
मग सहा महिने सूक्ष्मदर्शकाखाली
सुतासारखे जंत, चुन्याच्या घरातले एकपेशी,
शिंपल्यात मिटलेलं काहीतरी, पायांचा हिशेब न लागणारं.
एका चमच्यात आठशे बारा.

"पुस्तकला, अना खातेत काय थे?"

उन्हाळ्यात बर्फ मागे सरतो,
पाणी हिरवं होतं, दोन-तीन आठवडे,
ते हिरवं मरून खाली येत राहतं, पिठासारखं.
त्यावर अख्खी रात्र काढायची, महिन्यांची.
बर्फ उशिरा हलला तर पीठ कमी.
लवकर हलला तरी मेळ चुकतो.
खालून उबदार प्रवाह आत शिरला
की जंत तेच राहत नाहीत,
दुसरेच येतात, बारीक, घाईचे.
आणि पाणी आंबट झालं तर
चुन्याची घरं पातळ होत जातात.

हे तर आपल्या बोडीसारखंच, असं बाबा म्हणतील
असं मला वाटलं होतं.
ते म्हणाले, "बोडी अशी नसते.
इथं नहर येते, म्हशी येतेत, आपले पाय येतेत.
तुमच्या तठी कोणाचे पाय नाही पडत."

मग मी सतराव्या नळीचं सांगितलं.
रंग घातला, चाळला, पुन्हा चाळला.
गुलाबी एकही नाही.
हिमनग घासून गेला होता तिथून,
तळ खरवडत, मैलभर.

बाबांचा हात थांबला.
"जेसीबी," ते म्हणाले.

ज्या वर्षी बोडी खोल केली
आणि काळी गाद ट्रॅक्टरनं नेली,
पाणी दुप्पट साठलं, फोटो निघाले,
तीन वर्षं झिंगा नाही, मरळ नाही,
चिखलाला वास नाही.
बाबा रोज पायानं तळ चाचपायचे,
मूठभर काढून हुंगायचे, टाकून द्यायचे.
मी नववीत होते. मला वाटायचं,
यांचं पाण्यात काहीतरी पडलं आहे.

"मंग, आले का तुमचे?"
माहीत नाही. पाच वर्षांनी नळी पुन्हा घालायची आहे.
"अना हे मोजलेले? परत टाकतेत का?"
नाही. बाटलीत असतात, औषधात,
माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली.

त्यांनी काही म्हटलं नाही.
उठले, गुडघाभर पाण्यात शिरून
जाळं आणखी एकदा हिसळलं.
मग पाय. अंगठ्याच्या बेचक्यातला चिखलसुद्धा
बोटानं काढून
इथल्याइथं.