सांधणी

जुन्या बीमचं शेवटचं टोक
नव्या बीमच्या पहिल्या टोकाला
अंगठा आणि तर्जनीत धरून
राखेच्या चिमटीनं पीळ देत जोडायचं,
दोन हजार चारशे वेळा, मान खाली घालून.
चौतीस वर्षं माझा धंदा हाच.
अशोक चौकापासून एमआयडीसीपर्यंत
कुठल्याही कारखान्यात विचारा,
भूमय्यानं सांधलेलं सुटत नाही.

आता अंगठाच ऐकत नाही.
मानेतून काहीतरी निघतं,
खांद्यावरून, कोपराच्या बाहेरून
थेट त्या दोन बोटांत उतरतं,
उघड्या वायरीला ओला हात लागावा तसं.
बाकीची तीन बोटं शाबूत.
नसेला बरोबर माहीत,
घर कोणत्या बोटांवर चालतं.

माणसागणिक एक इलाज.
पोशट्टी म्हणतो, कुंभारीला एकजण आहे,
मान धरून असा झटका देतो,
कट्कन वाजलं की संपलं.
(त्याच्याकडं जाऊन आलेला रामलू
महिनाभर कुशीवर वळला नाही,
हे पोशट्टी सांगत नाही.)
मालक म्हणतो, पट्टा घाल.
पट्ट्यात मान ताठ राहते,
आणि धागा तर खाली असतो.
मेडिकलवाला नसेची गोळी देतो.
गोळीनं मी झोपतो,
दुखणं जागंच राहतं.

सर्जननं फिल्म उजेडाला लावली.
पाचवा मणका, सहावा मणका,
मधली गादी मागं सरकलेली
आणि तिच्या दाबात नस.
मी बघतच राहिलो.
फणीच्या दातात अडकलेला धागा
जन्मभर बघितलाय मी.
म्हटलं, साहेब, आमच्यात
अडकलेला धागा लगेच तोडत नाहीत.
आधी बीम ढिला करतात, वाट बघतात.
ते हसले नाहीत.
म्हणाले, किती वेळ बघता?
मी म्हटलं, हात सांगतो तितका वेळ.
आणि मग दोघंही गप्प बसलो,
कारण हातच तर सांगेनासा झालाय.

सहा आठवडे लिहून दिले.
तहसीन मॅडमकडं एक दिवसाआड,
हनुवटीला पट्टा, वर कप्पी,
पलीकडं वजन लटकतं.
पहिल्या दिवशी वाटलं, मीच बीम आहे,
कुणीतरी मला मागावर चढवतंय.
मॅडम म्हणतात, मामा, खांदे सोडा.
खांदे सोडायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

चिठ्ठीच्या मागं तीन ओळी:
हातातनं पेला पडला,
चालताना पाय अडखळला,
शर्टाचं बटण लागेना,
तर सहा आठवडे मोजत बसू नका.
त्याच रात्री निघून या.

घरात तीन पक्ष.
यादम्माला मानेवर सुरी नकोच.
मेव्हण्याला हवी, योजनेत बसतं म्हणून,
जणू फुकटचं जेवण आहे.
पोरगी मोबाईलवर वाचते
आणि दोन्ही बाजूंनी रडते.
मी कुणालाच हो म्हटलं नाही.
खुंटीला एक सूत बांधलं.
रोज पहाटे, चहाच्या आधी,
डोळे मिटून त्याच्या टोकाला
दुसरं सूत सांधायचं, आणि ओढून बघायचं.
ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी
ऑपरेशन. वाद नाही.
सांधा धरला तर अजून एक दिवस
वजन, कप्पी, सोडलेले खांदे.

यादम्मा आधी चिडली,
हे काय औषध आहे का, म्हणाली.
आता तीच चुलीतली राख
चिमूटभर कागदावर काढून ठेवते.

आज तेविसावा सांधा.
ओढला. धरला.
नेहमीपेक्षा थोडा जाड झाला होता,
नवशिक्याचा असतो तसा.
मी तिच्याकडं बघितलं नाही.
ती उठून चहा ठेवायला गेली,
आणि जाता जाता
फिल्मची लांबडी पिशवी
कपाटावरून काढून
दारामागच्या खिळ्याला अडकवून गेली.