दंडावरचा दाणा

दोतोर इनास कार्व्हाल्यु चोर्ल्याचा घाट चढून आला
तेव्हा बैलाच्या एका अंगाला औषधांची पेटी होती,
दुसऱ्या अंगाला ओल्या गोणपाटात कॉफीची रोपं.
पेटी हलकी पडत होती
म्हणून तिच्याखाली त्यानं दोन धोंडे बांधलेले.

नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, धंदा काय?
म्हणाला, दंडात टोचतो, मातीत टोकतो.

लस तेव्हा बाटलीतून येत नसे,
पोरांच्या अंगातून चालत यायची.
आठव्या दिवशी एकाचा दाणा भरला
की त्यातलं पाणी दुसऱ्याच्या दंडात.
म्हणून माझ्या पणजीची आई, यसू, वय वर्षं सात,
जांबोटीहून कणकुंबीला निघाली
डाव्या दंडावर देवी घेऊन.
खाजवायचं नाही. भिजवायचं नाही.
मजुरी एक आणा कबूल, वर गुळाचा खडा.

कणकुंबीत बायांनी पोरं भाताच्या कणगीत लपवली.
एक कणगी शिंकली.
इनास हसला नाही.
बाही वर सारून
उंबऱ्याबाहेर बसून राहिला दिवेलागणीपर्यंत.

मग मळा. फणसांच्या सावलीला चौदा एकर.
ज्यांच्या पोरांना टोचलं त्यांनीच खड्डे काढले.
हिवतापाला कोयनेल द्यायचा हातानं, कपाळ चेपत,
आणि शनिवारी तेवढंच मजुरीतून कापायचा.
त्याची वही आमच्याकडे कशी आली कोण जाणे;
बेळगावच्या कॅम्पातल्या म्हाताऱ्या पाद्रीनं
ती मला वाचून दाखवली, चष्मा पुसत पुसत:
भैरू, ताप, दिवस तिसरा. खड्डे चाळीस.
भैरू, ताप उतार. खड्डे साठ.
भैरू.
पुढं काही नाही.
पुढच्या ओळीत पावसाचं माप.

बाराव्या वर्षी पानांच्या पाठीवर
नारिंगी पुरळ उठलं.
जीभ दाखव म्हणावं तसं
एकेक पान उलटून बघत तो हिंडला,
बोटं हळदीसारखी माखेपर्यंत.
झाडांना देवी आली, बाया म्हणाल्या.
कुंपणाला लिंबाचे टाळे बांधले, दहीभात ठेवला.
एरवी असल्या गोष्टींवर खेकसणारा माणूस,
या खेपेला टाळा उंच धरायला पुढं झाला.

यसू तेव्हा त्याच मळ्यात,
गळालेली पानं गोळा करून जाळायच्या कामावर.
तिला म्हणाला म्हणे,
झाडांना दंड नसतो गो बाय.
ती म्हणाली, धूर डोळ्यात जातोय, बाजूला व्हा.

मळा गेला. दोतोर कुठं गेला, दोन गावं दोन सांगतात.
फणसाच्या बुडाशी एक झाड आहे अजून,
माकडं फळं खातात, बिया थुंकतात
शाळेच्या पत्र्यावर.

वहीचं शेवटचं पान वाळवीनं अर्धं खाल्लंय.
पाद्रीनं ते खिडकीशी धरलं:
देणे. यसू, जांबोटी. एक आणा.

खोडलेलं नाही.