दोन वीत, चार बोटं

शुक्रवारी सोहारहून निघालो, वादीकडे.
डब्यात दडपे पोहे, मागच्या सीटवर शाल्मली
आणि तिच्या शाळेचा कागद:
निसर्गात सापडलेल्या पाच वस्तू आणा.
दहाच्या आत चार झाल्या.
एक शिंपला, समुद्रापासून इतक्या लांब, कुणाच्या खिशातून पडला कोण जाणे,
बकरीची लेंडी, जिच्यावर तिच्या आईनं हरकत घेतली,
खजुराची आठळी,
तांबूस शिरांचा एक दगड.

पाचवी घाफच्या मुळाशी होती.

घाफ म्हणजे आपली शमीच.
हे मला इथे येऊन अकरा वर्षांनी कळलं,
नर्सरीतल्या एका केरळी माणसाकडून.
तोवर दर दसऱ्याला आम्ही हॉलमध्ये
प्लास्टिकची आपट्याची पानं वाटत होतो
आणि शमी बाहेर दुभाजकावर उभी, धूळ खात.

बेचक्यात काहीतरी फडफडत होतं.
पिशवी असेल. इथल्या काट्यांना पिशव्याच लागतात.
मग खवले दिसले,
एकेका खवल्यावर मधोमध केसाएवढी उभी रेघ,
आणि मी पोरीला दंडाला धरून मागे ओढलं,
जरा जास्तच जोरात.

फुरसं.
देवगडच्या सड्यावर हा शब्द शिकलो
पाढ्यांच्या आधी.
काजू गोळा करता करता धाकटा भाऊ खाली बसला
आणि अगदी शांतपणे म्हणाला,
माका फुरसा चावला.
टेम्पो, कणकवली, सतरा दिवस.
करंगळी अजून वाकडी आहे त्याची.
व्हिडिओ कॉलवर दिसते, कप धरतो तेव्हा.

घाबरू नको, मी म्हणालो, रिकामं आहे.
शाल्मली घाबरलेली नव्हतीच.

फलजचं पाणी पलीकडच्या वाफ्यात वळवून
खमीस आला, हात पुसत.
दोन बोटांत उचलून उन्हात धरली त्यानं
आणि त्याच्या हिंदीत म्हणाला,
दिशदाशा काढून ठेवलाय, न्हायला गेलाय.
शाल्मलीनं लगेच पाण्याकडे पाहिलं.
मीही पाहिलं.

माझ्या दोन वीत, चार बोटं.
तिच्या तीन वीत आणि काहीतरी.
तिनं लिहूनही घेतलं तसंच: काहीतरी.
कात ताणते, मी सांगितलं, साप याहून आखूड असणार.
घाईत काढलेल्या मोज्यासारखी ती उलटी झालेली,
म्हणजे आपण हात लावतोय ती आतली बाजू.

आमच्याकडे गाव कात टाकतं, रस्ता आला की.
दुकान कात टाकतं, काचा बसल्या की.
पेपरात असंच छापून येतं.
इथे खरी कात तळहातावर,
कांद्याच्या पापुद्र्याहून हलकी,
आणि तिच्याविषयी म्हणावं असं काही सुचेना.

डोळेपण टाकतो?
डोळ्यांवरची काच टाकतो. ही बघ.
मग त्याच्या आधी दिसतं का त्याला?
काही दिवस नाही. सगळं दुधाळ होतं.
मग तो काय करतो?
बसून राहतो. खात नाही. जवळ गेलं की चिडतो.
बायकोनं पोह्यांवर लिंबू पिळता पिळता
एकदा माझ्याकडे पाहिलं.

कात नेली नाही.
इथली पाखरं घरट्यात विणतात ती, खमीस म्हणाला,
या फांदीवर ये पुन्हा, दाखवतो.
पुन्हा कधी, त्यानं विचारलं नाही,
मला सांगता आलं नसतं.
शाल्मलीनं पाचव्या चौकोनात चित्र काढलं
आणि खाली लिहिलं: सापडली. ठेवून आलो.

परतताना पहिल्या गोलचक्करवर
टिश्यूसाठी बायकोनं पुढचा कप्पा उघडला.
कंपनीचं पाकीट वरच होतं, तीन आठवड्यांपासून.
तिनं टिश्यू काढला,
पोरीचे हात पुसले, बोट न् बोट,
आणि कप्पा बंद केला.

मागून प्रश्न आला:
नवीन कात आधीपासून आत असते,
की जुनी काढल्यावर येते?

मी आरसा नीट करत होतो.

आधीपासून, तिची आई म्हणाली.