वाडीचा धर्मकाटा

रात्रपाळी माझी. खिडकीतून हात तेवढा बाहेर.
ड्रायव्हर नोट देतो, मी पावती.
भरलेलं वजन, रिकामं वजन,
आणि मधली वजाबाकी,
तिच्यावरच चालते ना जी ही अख्खी वाडी.

दिवाळीनंतर इस्राईलची गाडी गेली
काटोलची संत्री घेऊन, पूर्वेच्या सीमेवर.
माल सोळा हजार चारशे ऐंशी. माझ्याच हातची पावती.
अठराव्या दिवशी तोच नंबर काट्यावर चढला,
ताडपत्री तशीच बांधलेली.
"काहून, उतरवली नाही?"
"तिकडं रातोरात कर वाढला. घेणारा फोनच उचलत नाही."
वजन केलं. पंधरा हजार साठ.
मधलं कुठं गेलं, हे लिहायला
पावतीवर रकाना नाही.
फळ्यांतून रस गळत होता, आणि वास असा
की पंक्चरवाला जगन झोपेतून उठून बसला.

शाळेच्या सहलीत मास्तरांनी झिरो माइलचा खांब दाखवलेला.
इथून समुद्र चहूकडून लांब, म्हणाले.
तेव्हा किती सुरक्षित वाटलं होतं!
आता कुठल्याशा सामुद्रधुनीत जहाज अडकतं
आणि हिंगण्याच्या फाउंड्रीत तिसरी पाळी बंद.
कुठल्याशा टेबलावर एक सही होते,
आणि इथं मागच्या कोटिंग शेडमध्ये
शेवंता बागडे हातमोजे धुऊन वाळत घालते,
ते वाळतात, तरी कोणी बोलावत नाही.

सावजीवाल्यानं पातेलं बदललं, लहान आणलं.
हेडाऊ क्रेटवाला रिकाम्या क्रेटवर बसून
रिकाम्या क्रेट मोजतो.
माझं काही बुडालं नाही, खोटं कशाला बोलू,
परतलेल्या गाड्याही काट्यावर चढतातच.

परवा वजनमापेवाले साहेब आले.
काटा अगदी बरोबर, म्हणाले. शिक्का मारला.

शेवंता आता नाक्यावर चहा विकते.
पहाटे रस्ता मोकळा होता,
तिची पोरगी काट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.
"मावशे, किती?"
वीस किलोच्या खालचं हा काटा दाखवत नाही.
"उडी मार," म्हटलं.
तिनं मारली. लोखंड वाजलं.
आकडा शून्यच.

मग कोऱ्या पावतीवर पेनानं लिहून दिलं:
सोळा. अंदाजे.