डाव्या अंगाचा दिवा

मागच्या मंगळवारी माझी लाल बॅटरी लाटेनं नेली.
नेली म्हणजे काय, मीच वाकले अंडी मोजायला,
खिशातून ती घसरली,
आणि पाण्याखाली बराच वेळ पेटलेली राहिली,
राखेतला हट्टी निखारा राहतो तशी.

ग्रांद रिव्हिएरच्या वाळूवर रात्री पांढरा उजेड चालत नाही.
चामडपाठी कासवी येते, भरल्या गाडीएवढं अंग ओढत,
आणि पांढरं काही चमकलं
की मागे फिरते, पोटातलं पोटात घेऊन.
पिल्लांचं तर विचारू नका.
हॉटेलच्या व्हरांड्यातला चाळीसचा बल्ब
त्यांना समुद्र वाटतो.

म्हणून मॅक्सीनं सांग्रे ग्रांदेला गेले.
बाबूलालच्या दुकानात उजेडाला तोटा नव्हता:
डोक्याला बांधायचे, भिंतीला चिकटवायचे,
एक तर असा की दोन मैलांवरचा माणूस म्हणे डोळे झाकतो.
"लाल?" त्यानं चष्मा कपाळावर चढवला.
"लाल फक्त सायकलच्या मागचा. पण तो मिचकावतो."
मी म्हटलं, आमच्या बाईला डोळा मारलेला खपत नाही.
हसत हसत तो बायकोला सांगायला आत गेला
आणि मी रिकाम्या हातानं पायरी उतरले.

ऑस्रिकच्या पोरीनं नखांचा रंग दिला.
साध्या बॅटरीच्या काचेवर दोन हात मारले.
तिसऱ्या रात्री काच तापली, पोपडा सुटला,
आणि एकीच्या कपाळावरच्या गुलाबी डागावर
पांढरी चीर पडली.
ती थबकली.
मी अशी उभी, जशी कुणाच्या देवघरात
चपला घालून शिरले होते.

मग ईस्टरच्या गोळ्यांवरचा लाल कागद.
एक पदर घेतला तर गुलाबी,
तीन घेतले तर स्वतःची बोटं दिसेनात,
दोन पदर बरोबर बसले, तेवढ्यात वारा आला.
पोर्ट ऑफ स्पेनहून मागवू, तीन आठवडे लागतील,
असं गस्तीच्या सभेत ठरलं.
कासव्या सभेला नव्हत्या.

घर आमचं खांबांवर. खाली एव्हरार्डच्या वस्तू.
मी तार शोधत होते, खरंच फक्त तार.
बिस्किटांच्या गंजक्या डब्यात
जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या दोन काचा:
एक हिरवी, एक लाल.
होडी विकली तेव्हा टोकोचा गिऱ्हाईक म्हणाला होता,
दिवे जुने आहेत, राहू द्या तुम्हाला.

काखेत कळसा म्हणतात, तो हाच.
पण काखेकडे बघायचं
नऊ वर्षं जमलं नव्हतं.

लोकांना वाटतं, तो समुद्रात गेला.
खाटेवर गेला. साखरेनं. आधी एक पाय, मग सगळा.
शेवटच्या महिन्यातही शिकवत होता:
लाल डाव्या अंगाला, हिरवा उजव्या.
उजवीकडून लाल दिसला की आपण थांबायचं, इग्नेशिया,
त्याला जाऊ द्यायचं.
पाण्यावर भांडून कुणाचं भलं झालंय?

सायकलच्या ट्यूबची चकती कापून
काच बॅटरीला आवळली.
आधी हातावर धरली. बोटांच्या कडा पेटल्या,
मिटल्या पापणीआड दुपार दिसते तशा.

रात्री एक वाजता ती आली, माझ्या उजव्या हाताकडून,
फुसफुसत, डोळ्यांतून खारट चिकट धार.
लाल माझ्या हातात होता.
थांबलेही मीच.
ती पुढून गेली, इतकी जवळून
की तिनं उडवलेली वाळू माझ्या बुटात भरली,
आणि खड्डा करायला लागली,
मागच्या दोन वल्ह्यांनी, घाई न करता.
सत्त्याऐंशी मोजली.
एकदाही वळून बघितलं नाही तिनं.

पहाटे ऑस्रिक जाळं घेऊन परतला.
म्हणाला, रात्री किनाऱ्यावरून एक होडी चालत होती,
डावं अंग आमच्याकडे.
लाल तेवढा दिसला.
तिचा उजवा कुठे आहे?

मी बूट उलटा करून वाळू झटकत होते.
म्हटलं, डब्यात आहे.