पोहता येणारे दाणे

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या,
लेकराच्या हाताला रोज काहीतरी द्या.
विकत आणू नका, घरातलंच.
मी म्हणलं, बरं.

घरातलं म्हणजे काय,
जालन्यात भाड्याची एक खोली, मोरी, माळा,
आणि मी,
सहा वाजता बियाण्याच्या कंपनीतून आलेली,
भुवयांवर औषधाची गुलाबी भुकटी बसलेली.
आधी हात धुते, कोपरापर्यंत, दोनदा.
मग सुगतला जवळ घेते.

सुगत साडेतीन वर्षांचा.
त्याला मी ताटात मिसळून दिले
हरभरा, तूर, मठ, मूठभर करडई.
पुढ्यात इडलीपात्राची एक चकती.
म्हणलं, निवड. ज्याला त्याला आपापल्या घरी सोड.
आणि म्हणता म्हणता मलाच हसू आलं.
दिवसभर मी दुसरं काय करते,
सरकत्या पट्ट्याशेजारी उभी राहून?
किडका, फुटका, डागी, बारीक,
हात चालतो, डोकं घरी असतं.
मला त्याचा रोज मिळतो.
याला गुळाचा खडा.

पहिल्याच दिवशी त्याने करडई नाकात घालून पाहिली.
तेवढं ताईंनी सांगितलं नव्हतं.

मग नजमुन चाचीने बटनांचा डबा दिला,
शिलाई मशीनच्या खणातला.
मोठी बटनं सुतळीत ओवली, गळ्यात घातली,
रात्री काढू देईना. झोपेतही मुठीत धरून.
मग कपड्यांचे चिमटे, पुठ्ठ्याच्या कडेला.
चिमटा दाबताना त्याची जीभ बाहेर येते,
जणू तीही कामाला लागली आहे.
त्याच्या बापाने बदनापूरहून धाटं आणली,
सोलून चिपाडाची गाडी केली.
चाक काही फिरलं नाही.
सुगत गाडीला कडेवर घेऊन हिंडला गल्लीभर.
कुणी हात लावला की, "मपली हाय!"

शनिवारी नळ आला, आठव्या दिवशी.
सगळं भरून झाल्यावर
अर्धं घमेलं पाणी त्याच्यापुढे ठेवलं.
म्हणलं, टाक एकेक. कोण बुडतं, कोण तरंगतं, बघ.
चमचा बुडाला. बाटलीचं झाकण तरंगलं.
कांद्याचं फोलपट तरंगलं, माझा आकडा बुडाला,
तो शोधायला त्याची बाही बुडाली.
मग त्याने हरभऱ्याची मूठ सोडली.
टपटप तळाला गेले सगळे,
पाच-सहा वर राहिले.

माझा हात माझ्या आधी पुढे गेला.
तरंगतं ते पोचट.
हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही,
आईच्याही बोटांत होतं.
वरचं काढायचं, फेकायचं, खालचं पेरायचं.

त्याने मनगट धरलं माझं.
"माय, नको काढू.
त्यांला पोहता येतंय."

मग तळातला एकेक दाणा वर काढून
पाण्यावर अलगद ठेवायला लागला,
बाळाला पाळण्यात ठेवावं तसा.
बुडाला. पुन्हा काढला. बुडाला.
"शिकंल," म्हणाला.
एक, दोन, पाच, आठ, अशी त्याची मोजणी.
माझ्या मोजणीने एकवीस वेळा.
स्टोव्हवरचं वरण लागलं तळाला,
मी उठले नाही.

एका तरंगत्या दाण्याला भोक होतं.
आत भुंगेरा असणार, मला ठाऊक.
त्याला दाखवलं, खरं ते कळू दे म्हणून.
डोळा लावून बराच वेळ बघितलं त्याने.
"आत कुणीतरी बसलंय," म्हणाला,
"होडी हाय ती."

पाणी कढीपत्त्याला घातलं.
पोहणारे खिडकीत, झाकणात वाळताहेत.

सोमवारी पट्ट्यावर
बोटाखाली एक हलका दाणा आला.
टाकला. कामाचं काम असतं.
पण टाकण्याआधी
त्याचं भोक पाहिलं मी,
एक डोळा मिटून.
सुपरवायझर म्हणाला, काय झालं बाई?
म्हणलं, काही नाही.
कुणी बसलंय का ते बघत होते.