कपाट

सासूबाईंच्या लोणच्याच्या कपाटाला
अजून बिंबलांचा वास येतो.
त्यातच आमची शाळा.
तीन कप्पे, एक मोडकं बिजागर,
आणि दार लोंबू नये म्हणून बिजागराखाली
घडी घालून कोंबलेला
मागच्या वर्षीचा कसला तरी कागद.

रविवारी फोंड्याहून कुंदावन्सं येणार.
त्या हेडमास्तरीण.
म्हणून आज सगळं खाली काढलंय.

साखळीत भाद्रपद उतरणीला लागला की
कार्डपेपर सादळतो, खडूंना मिशा फुटतात,
रंगांच्या वड्यांवर पांढरी लव चढते.
पिवळा तर अख्खा गेला.
युगा म्हणाली, ह्याला जिवंत कप्प्यात ठेव.
असा कप्पा नाही गं.
मग कर ना.

टिकल्या, लोकरीचे गुंडे, आइस्क्रीमच्या काड्या,
गुरुदासने बार्जवरून आणलेलं
भरती-ओहोटीचं जुनं वेळापत्रक
(युगा ह्यावर वाचायला शिकली,
म्हणून तिला 'कमल' आधी आलं नाही, 'ओहोटी' आलं),
दोदोलच्या डब्यात बटणं.
डब्यांवर चिठ्ठ्या लावायला बसले आणि अडले.
कातर लिहू की कात्री?
घरात कोकणी, वहीत मराठी.
दोन्ही लिहिलं. चिठ्ठी पुरली नाही,
उरलेली वेलांटी डब्याच्या पाठीवर गेली.

माटोळी उतरवली तेव्हा
फळं वाळवंटीत सोडायची होती.
तन्वेशने खिशात ठेवून घेतल्या
अकरा घागऱ्या,
कांगलांचा एक झुपका, अर्धं तोरिंग.
हे माझं गणित, म्हणाला.
आणि खरंच, घागरी कानाशी हलवून
आतल्या बिया मोजतो.
सात, म्हणतो. फोडली की आठ निघतात.
वहीत लिहितो :
एक बी गप्प होती.

शाळेत दोन वर्षं
तो स्वतः तसाच होता.
प्रगतिपुस्तक मी जपून ठेवलंय, कुठे ते आठवत नाही.
सगळं काढलं तरी सापडलं नाही.
बरं झालं.

तळाशी बेर्नादेतचं खोकं.
स्विंडनला जाताना कुंपणावरून दिलं होतं,
मुलं वापरतील गो, म्हणत.
एल्सनच्या नावाची कंपासपेटी,
अर्धी रंगवलेली पेज,
म्हणजे चर्च आहे, आभाळ राहिलंय,
आणि डावऱ्या हाताची कात्री.
आमच्यात डावरं कुणी नाही.
टाकायच्या ढिगात घातली, दोनदा काढली.
तिसऱ्यांदा बघते तर युगा
डाव्या हाताने लव्हाळीची पात कापत बसलेली,
जीभ बाहेर, कपाळाला आठी,
पात वाकडी, ती खूश.
एल्सन असाच कापायचा, म्हणाली.
त्यांच्या घराच्या कुलपाकडे आम्ही दोघींनी पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत दोन कप्पे लागले.
वरच्यात वह्या, कुंदावन्संच्या नजरेच्या उंचीला.
मधल्यात रंग, कागद, डिंक, गोंद
(हेही दोन्ही लिहिलं, डबा एकच).
खालच्यात युगाने पिवळी वडी ठेवली,
शेजारी तोरिंग, ओल्या कापडावर कांगलं,
आणि चिठ्ठीवर लिहिलं, हात लावू नये, चालू आहे.
कुंदावन्सं विचारतील, हा कुठला विषय?
मी अजून उत्तर ठरवलेलं नाही.

दार लावायच्या आधी
बिजागराखालचा कागद ओढून पाहिला.
तन्वेशचा पाढा निघाला, घामट, पिवळसर.
सात आठे चोपन्न.
खोडून नीट छप्पन्न लिहिलं,
कोऱ्या कागदावर,
घडी घातली, कोंबली.
दार लोंबलं.

जुना शोधून परत लावला.
चोपन्नावर ते बरोबर बसतं.